कच्ची शिवण

वादळात शीड फाटलं की त्याच्या जोरावर लाटांवर धावणारी फळी थांबते आणि वरचा माणूस वाचतो. म्हणून शुभदा लेकीच्या प्रत्येक शिडात एक शिवण मुद्दाम कच्ची ठेवायची.

"आई, ह्या नव्या शिडाला हात लावू नकोस. जिवंत धाग्याचं आहे, खारं पाणी लागलं की फाटलेलं आपलं आपण सांधतं," केतकी म्हणाली होती. शुभदाने तरीही गुपचूप एक शिवण उसवली.

आता वारा पिसाळला होता. देवबागच्या किनाऱ्यावरून शुभदाने दुर्बिणीतून फळीवरच्या केतकीकडे पाहिलं. शीड टर्रकन फाटलं, केतकीच्या कमरेचा पट्टा फटीत अडकला. मग लाट आली आणि फट मिटली.

"सोड गं ते शीड," शुभदा पुटपुटली.

केतकीचे दोन्ही हात कधीच सुटले होते. शीड तिला कमरेपाशी शिवून घेऊन खोल समुद्राकडे निघालं होतं.