दोन नाकं

शनिवारी संध्याकाळी साडेसहाला हेंद्रेपाड्यात मिलिंदच्या मित्राच्या, विनीतच्या घरी पहिली बाटली उघडली. मिलिंदनं ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. कसलाही वास आला नाही.

तो येणार नव्हताच. हिवाळ्यातल्या तापात मिलिंदचं नाक गेलं होतं आणि परत आलं नव्हतं. हे त्याची बायको अस्मिता सोडून कोणालाच माहीत नव्हतं. मिलिंद अंबरनाथ एमआयडीसीत, औषधांना आणि सरबतांना स्वाद पुरवणाऱ्या कंपनीत होता. पगार नाकाचाच होता.

"बोला, नाकवाले," विनीत म्हणाला. "आणि लक्षात ठेवा, ही साधी स्कॉच नाही. हे बाटलीवाले डिस्टिलरीकडून एकेक पिंप विकत घेतात आणि आपल्या नावानं भरतात. दोन पिंपांची चव सारखी नसते. वरून रंगसुद्धा घालत नाहीत."

"म्हणजे तबेल्यातून सुटं दूध आणायचं आणि आपल्या पिशवीत भरायचं," श्रद्धा म्हणाली. ती विनीतची बायको.

"तू ना, दारूची पण डेअरी करशील."

मिलिंद हसला. त्याचं लक्ष समोर बसलेल्या विक्रांतकडे होतं. विक्रांत त्याच कंपनीत त्याचा सीनियर. विनीतनं न विचारता त्यालाही बोलावलं होतं, आणि तेव्हापासून मिलिंदला झोप नव्हती.

कंपनीचा नियम होता, दोन नाकं. माल बाहेर जाण्याआधी दोघांनी हुंगायचा. विक्रांत कागदाची पट्टी नाकाशी धरायचा, थोडा थांबायचा, मिलिंदकडे बघायचा आणि म्हणायचा, "ठीक." मग मिलिंद म्हणायचा, "ठीक." आणि गाडी सुटायची. आज दुपारीही लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधात घालायचा संत्र्याचा माल तसाच गेला होता. हिवाळ्यापासून मिलिंदची नोकरी विक्रांतच्या नाकावर तरली होती.

पण इथे आधी त्यालाच बोलायचं होतं.

त्यानं ग्लास उजेडात धरला. रंग फिका, गवती. विनीत आठवडाभर लेबलांचे फोटो पाठवत होता आणि मिलिंदनं प्रत्येकाबद्दल नेटवर वाचून ठेवलं होतं.

"हलकी आहे. नासपती. मागं थोडा मध."

"वा!" विनीतनं टाळी दिली.

"मलाही तेच वाटलं," विक्रांत म्हणाला.

दुसरा ग्लास पिंगट, दाट. आधी शेरी वाइन भरलेल्या पिंपातला, हे रंगच सांगत होता. मिलिंद म्हणाला, "मनुका. सुंठ." विक्रांतनं मान हलवली. "हो, सुंठ आहे."

विक्रांत ग्लासाआडून आपल्याकडेच बघतोय, हे मिलिंदला जाणवत होतं.

तिसऱ्या खेपेला श्रद्धा आतून स्टीलचे पेले घेऊन आली. पेल्यांवर वाट्या झाकलेल्या होत्या.

"आता रंग बघून चीटिंग नाही. डोळे मिटा, झाकण काढा, नुसता वास घ्या. ओठ लावायचे नाहीत."

"सर, तुम्ही आधी," मिलिंद म्हणाला.

"छे, छे. तू सांग."

मिलिंदनं झाकण काढलं आणि मनातल्या मनात विनीतचे फोटो चाळले. त्यांतली बेटावर बनणारी, धुरकट वासाची व्हिस्की अजून आली नव्हती. हीच असणार.

"धूर," तो म्हणाला. "ओलं लाकूड जळाल्यासारखा. आणि मागं दवाखाना."

विक्रांतनं बराच वेळ पेला हुंगला. "धूर. बरोबर. दवाखानाही आहे."

श्रद्धाच्या तोंडून हसू फुटलं. "अरे, फिल्टरचं पाणी आहे ते!"

विनीत सोफ्यावर आडवाच झाला. "दोन-दोन एक्स्पर्ट! पाण्याला धूर! भाई, तुमच्या कंपनीत हेच चालतं का?"

"तुमची गंमत केली," मिलिंद म्हणाला आणि हसला. विक्रांतला कळलं होतं. कधीचं कळलं असणार. हा कुठवर रेटतो ते बघायला त्यानं मुद्दाम री ओढली. सोमवारी केबिनमध्ये बोलावणं येईल. हप्त्यांवर घेतलेल्या नव्या फ्लॅटच्या दारावर मिलिंदनं नुकतीच पाटी लावली होती.

विक्रांत हसत नव्हता. तो उठला. "मिलिंद, जरा गॅलरीत ये."

गॅलरीत येऊन त्यानं काचेचं दार ओढून घेतलं. आत श्रद्धा अजून हसत होती. आपणच आधी बोलून टाकावं, निदान माणुसकी दाखवेल, असं मिलिंदनं ठरवलं.

"सर, मी तुम्हाला सांगणारच होतो..."

"काही सांगू नकोस. तू मला सांभाळून घेतलंस, ते कळलं मला." विक्रांतनं कठडा घट्ट धरला. "पाणी आहे हे तुला कळलं होतं. धूर तू गमतीनं म्हणालास, मी मात्र फसलो; आणि 'गंमत केली' म्हणून तू माझी फजिती झाकलीस."

मिलिंदनं काचेचं दार नीट लागलंय ना ते बघितलं.

"कंपनीत बोलू नको, हात जोडतो. पोरगी इंजिनीअरिंगला आहे. मला दिवाळीपासून कसलाच वास येत नाही." त्यानं आवाज आणखी खाली आणला. "पण मालाचं टेन्शन घेऊ नको. एकही गाडी मी माझ्या भरवशावर सोडलेली नाही. दर वेळी तुलाच विचारतो ना, 'ठीक?' तू ठीक म्हणालास की मगच."

दोघांचे फोन एकदमच वाजले. कंपनीच्या ग्रुपवर डिस्पॅचच्या नूतनचा मेसेज होता. संत्र्याचा माल पोचला. औषधवाल्यांनी लगेच वापरायला घेतला.