दोन कड्यांचं रिव्हॉल्व्हर

"वीस गोळ्या! अख्खी पलटण चालून येणार आहे की काय अंगावर?" तेलाच्या चिंध्यांची घडी घालता घालता आई पुटपुटली. पुटपुटली ती नेमकी लेकीच्या कानाशी. लेकीने हसून मान झटकली. हातातल्या रिव्हॉल्व्हरवर तिने शेवटचा फडका मारला. आज तिला आईची कुरकुरही गोड लागत होती.

कारखान्यामागच्या लांबट शेडमध्ये चाचणी होती. समोर वाळूच्या पोत्यांची भिंत, तिच्यापुढे पुठ्ठ्याचा माणूस. रखवालदार पुरवणाऱ्या कंपनीच्या खरेदीवाल्या बाई स्वतः आल्या होत्या. त्यांना पसंत पडलं, तर कारखान्यात नवं लेथ मशीन येणार होतं. आणि बाबा रात्री निदान झोपणार होते, हे आईचं गणित.

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिशात सवयीने कानस खोचलेली होतीच.

"हे बघा मॅडम, नेहमीच्या चक्रात गोळ्यांचं एकच कडं असतं. सहा संपल्या की माणूस उघडा पडला. आपल्यात कडी दोन! बाहेरच्यात बारा, आतल्यात आठ. नळ्याही दोन, एकीखाली एक. बाहेरचं कडं संपलं की घोड्याचं टोक आपोआप खाली सरकतं."

"आणि कमरेला लावलं की विजारही," लेथवर काम करणारे मामा म्हणाले.

बाई खळखळून हसल्या. बाबाही हसले. "मेहुणा आहे माझा. याला गंज समजून सोडून द्यायचं."

पहिली फैर बनवणाऱ्याने झाडायची, हा या कारखान्याचा नेम. बाबांनी पाय रोवले, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि चाप ओढला. मग शेडचे पत्रे जे वाजायला लागले, ते थांबेचनात. लेक प्रत्येक आवाजाला दचकत होती आणि दचकून हसत होती. बारावी गोळी गेली. तिने श्वास धरला. खट्ट. टोक सरकलं. खालची नळी बोलू लागली! मामांनी टोपी हवेत उडवली, ती तुळईवर जाऊन बसली. पुठ्ठ्याच्या माणसाची पार चाळणी झाली होती.

"एकदाही अडकलं नाही!" बाबा ओरडले. कानांवरचं झाकण काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

झाडलेली नळी पुसायची ती लेकीनेच. तिने गजाला पांढरी चिंधी बांधून वरच्या नळीतून ओढली. चिंधी काजळासारखी निघाली. खालच्या नळीतून दुसरी ओढली, तीही काळीकुट्ट. "दोन्ही नळ्या चालल्या, बघा," ती बाईंना म्हणाली. "चिंधी कधी खोटं बोलत नाही."

मग बाईंनी स्वतः हत्यार हातात घेतलं. मनगट खाली गेलं. त्यांनी चक्र उघडून एकेक घर भरायला घेतलं. भरता भरता त्या नुसत्या मामांकडे बघत राहिल्या.

"एवढ्या वेळात चोर चहा पिऊन, कप विसळून जातील," मामांनी त्यांच्या मनातलं बोलून टाकलं.

"काम सुरेख आहे," बाई म्हणाल्या. "इतकं सफाईदार काम मी कुठे पाहिलं नाही. पण माझी माणसं दिवसभर उभी असतात. एवढं वजन घेऊन त्यांची कंबर राहणार नाही. आतलं कडं काढा, खालची नळी काढा. बारा गोळ्यांचं द्या. मागणी आत्ता नक्की करते."

मामांनी लेकीचा खांदा दाबला. आईने चिंध्या छातीशी धरल्या. झालं! एवढं तर बाबा उद्या करतील.

"नाही," बाबा म्हणाले.

"मिस्त्री, बारा पुष्कळ झाल्या."

"उलट मी तिसरं कडं बसवतो. तीस गोळ्या. वजनाचं बघतो मी काहीतरी."

"अहो, दारातल्या रखवालदाराला तीस गोळ्या कशाला?"

बाबांनी रिव्हॉल्व्हर बाईंच्या हातातून अलगद काढून घेतलं. "माझा थोरला बँकेच्या दारात उभा असायचा. दरोडा पडला त्या दिवशी त्याच्याकडे सहाच होत्या. मीच बनवलेलं रिव्हॉल्व्हर. सहा गोळ्यांचं. संपल्या, आणि गेला तो. सातवी असती तर..." त्यांनी चक्राला बोट लावलं. ते टकटक करत फिरलं. "पोलिसांनी त्याचं हत्यार पिशवीत घालून परत आणून दिलं. मला ती पिशवी उघडवली नाही."

मामांनी तुळईवरच्या टोपीकडे नजर लावली. आई घातलेल्या घड्या उलगडून पुन्हा घालू लागली. बाबांचं हे वाक्य सुरू झालं की घरात सगळ्यांना असंच एकाएकी काम लागायचं. लेकीलाही लागायचं. आजवर तीही प्रत्येक वेळी फडका उचलून नळ्या घासत बसली होती.

"चौथंही बसेल," बाबा चक्राकडे बघत म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "चक्र जरा रुंद केलं तर चौथंही बसेल!"

लेकीने हातातल्या दोन काळ्या चिंध्या टेबलावर ठेवल्या. आई हलक्या आवाजात म्हणाली, "नको गं." पण लेक बाबांपाशी गेली, त्यांच्या बोटांखालचं चक्र तिने तळव्याने थांबवलं.

"बाबा, ती पिशवी तुम्ही माझ्याकडे दिली होती. दादाची नळी मीच पुसली. चिंधी पांढरीच निघाली, बाबा. दादानं एकही गोळी झाडली नव्हती."