तिरका टिळा

भक्तपूरच्या आमच्या चौकातली देवी चोरीला गेली, तेव्हापासून माझी बायको रिकाम्या कोनाड्यालाच रोज सकाळी शेंदूर लावायची. पोहे कांडताना मुसळाखाली सापडलेलं तिचं बोट वाकडं होतं, त्यामुळे टिळा नेहमी तिरका यायचा. “वहिनी, देवी विमानानं गेली, तुम्ही भिंत काय सजवताय!” शेजारी हसायचे. पाच महिन्यांपूर्वी ती वारली. शेंदराची डबी मी त्यानंतर उघडली नाही. देवी परत न देणाऱ्या परदेशी संग्रहालयाची बाई परवा आमच्याकडे पुरावा मागायला आली. तिनं मूर्तीचा फोटो पुढं केला. “आजोबा, काचपेटीला कुलूप असतं, तरी रोज सकाळी कपाळ लाल! पुसून दमलो आम्ही.” टिळा तिरका होता. “फोटो कधीचा?” “गेल्या सोमवारचा. तुमच्याकडे कागद आहेत?” “कागद नाहीत. पण देवीला लवकर पाठवा, बाई. माझी बायको कधीच भक्तपूरबाहेर राहिलेली नाही.”