आतून ओला

ठोकळा तिने गच्चीच्या फरशीवर आपटला आणि त्याचे दोन तुकडे झाले. बाहेरून कडकडीत वाळलेला, आतून ओलाचिंब. दुसरा आपटला. तोही तसाच. तिसरा आपटायचीही गरज पडली नाही. हातात घेतल्याबरोबर वजनावरूनच कळलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रद्दी भिजवून, सडवून, कोपरापर्यंत हात घालून तिने तो लगदा कालवला होता. त्यात लाकडाचा भुसा मिसळला होता. जुन्या डब्यात दाबून दाबून एकेक ठोकळा पाडला होता. हातांना असा वास यायचा की वर्गातल्या मैत्रिणीने बाक बदलला होता. दादा तर रोज विचारायचा, "काय गं, आज कुठल्या गटारात पोहून आलीस?" आणि बाबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "चुलीत पेटले तर बघू. नाही पेटले तर दाराला टेकण म्हणून बरे आहेत."

ते पेटायलाच हवे होते. आज संध्याकाळी, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून. पेटले की वहिनीची सुटका होणार होती. वहिनी रोज दुपारी लाकडाच्या वखारीमागे चुलीसाठी ढलप्या वेचायला जायची आणि डोक्यावर पोतं घेऊन परतायची. "घरची सून भर रस्त्यातून पोतं वाहते, बरं दिसत नाही," असं बाबा म्हणायचे. स्वतः मात्र त्यांनी आजवर एक ढलपी उचलून आणली नव्हती.

आणि आता कुणीतरी मुद्दाम पाणी ओतलं होतं. वरून नाही. वरून ओतलं असतं तर ठोकळा फुगला असता. पाणी मधल्या भोकातून गेलं होतं, थेंब थेंब, थेट पोटात. भोक म्हणजे ठोकळ्याचं नाक. तिथूनच तो आतून वाळतो आणि पेटल्यावर तिथूनच श्वास घेतो, हे तिने घरात एकाच माणसाला समजावून सांगितलं होतं. बाकी कुणाला ऐकायला वेळ होताच कुठे?

वहिनी दोरीवर कपडे वाळत घालत होती. पाठ करून.

"वहिनी, तू? अगं, तुझ्यासाठी मरमर मरतेय मी इथे!"

"कुणी सांगितलं होतं मरायला?" वहिनी गर्रकन वळली. वहिनीचा आवाज एवढा चढू शकतो हे तिला आजच कळत होतं. "मला विचारलंस एकदा तरी? ढलप्या वेचायला कितीसा वेळ लागतो गं? वखारीमागे आम्ही तिघीचौघी असतो. वेचून झालं की कठड्यावर बसतो. नकला करतो. सासूची, सासऱ्यांची, तुझीसुद्धा. पोट धरधरून हसते मी तिथे. या घरात ऐकलंयस मला कधी हसताना?"

तिने आठवून पाहिलं. ऐकलं नव्हतं.

"माझी नक्कल? कशी करतेस?"

"कमरेवर हात ठेवून."

तिचे हात कमरेवरच होते. तिने ते रागारागाने खाली घेतले.

खालून बाबांची हाक आली. "काय शास्त्रज्ञबाई, आणताय ना आमचं टेकण?"

पाण्याच्या टाकीमागची ठोकळ्यांची रांग तेवढी कोरडी होती. तिथवर वहिनी अजून पोचली नव्हती. एका हातात ओला ठोकळा, दुसऱ्या हातात कोरडा, अशी ती क्षणभर उभी राहिली. मग ओला टाकून दिला आणि कोरडे उचलले. वहिनीने मान फिरवली.

खाली चुलीत ठोकळे पेटले. नुसते पेटले नाहीत, भोकातून सरळ ज्वाळ उठली, धूर नावालाही नाही. दादा वाकून भोकात बघायला लागला. आईने घाईघाईने पातेलं चढवलं.

"मानलं बुवा!" बाबा म्हणाले आणि लगेच वहिनीकडे वळले. "चला, सूनबाई. उद्यापासून तुझं वखारीकडे जाणं बंद. निवांत घरात बस."

तिची आग पुन्हा मस्तकात गेली. फक्त या वेळी ती कुणावर काढायची हे तिला नीट माहीत होतं.

"बंद कसं?" ती कडाडली. "भुसा कोण आणणार?"

"महिनाभरापासून गच्चीत पोतं भरून पडलंय की."

"ते गेलं वाया. भुसा शिळा झाला की पेटत नाही, बाबा. वखारीतून रोज ताजा आणावा लागतो. आणि तिथेच बसून, निवडून, चाळून आणायचा असतो. वहिनीला आता दुप्पट वेळ लागेल."