डावं कोपर

डायलिसिसचं यंत्र सुरू झालं तशी लोखंडे सिस्टरांनी डब्यातून शेवटची पट्टी काढली. केतकीच्याच पेशींपासून वाढवलेली, दुधावरच्या सायीसारखी मऊ कातडी. किडन्या निकामी असताना स्कॅनसाठी औषध टोचलं गेलं, तेव्हापासून तिची कातडी लाकडासारखी ताठ होत गेली होती. गेल्या सहा महिन्यांत हात, पाय, मान, सगळं बदलून झालं. उरलं होतं फक्त डावं कोपर.

"ते राहू द्या, सिस्टर," केतकी डोळे मिटूनच म्हणाली.

"अगं, एवढं ठेवलंस तर तिथून पुन्हा पसरेल."

"किती दिवसांत?"

"सहा-आठ महिन्यांत. पण का?"

"नव्या कातडीला ऊन-गार कळत नाही. परवा ओवीच्या अंघोळीचं पाणी हाताने पाहिलं, मला कोमट वाटलं. पोर किंचाळली. मग सासूबाईंसारखं कोपर बुडवलं, हे जुन्या कातडीचं, तेव्हा कळलं."

"घरात थर्मामीटर नाही का?"

"दोन आहेत. दोन्ही बघूनही जीव थाऱ्यावर राहत नाही."

सिस्टर हसल्या. "नव्या कातडीला समज यायला वर्ष लागतं, बाई."

"तोवर ओवी बोलायला लागेल. 'भाजतंय' म्हणाली की येते मी."

सिस्टरांनी पट्टी पुन्हा डब्यात ठेवली.

घरी आल्यावर केतकीने दहा महिन्यांच्या ओवीला कडेवर घेतलं आणि न वाकणारं कोपर कसंबसं बादलीत बुडवलं. पाणी जरा कढत होतं. तिने तांब्याभर गार ओतलं आणि पुन्हा कोपर बुडवलं.