सतरा नंबरची बॅच

वरूडच्या सरबत कारखान्यात महेजबीन बाटल्यांवर बॅचचा नंबर छापायची आणि त्या बॅचची संत्री कोणाच्या बागेतली, ते वहीत लिहायची.

एका दुपारी अकोल्याच्या दुकानदाराचा फोन आला. "सतरा नंबरचंच सरबत पाठवा. लोक तेच मागून राहिले."

तिनं वही उघडली. तारीख गेल्या सोमवारची, अक्षर तिचंच. बाग मात्र गोवर्धनकाकांची.

तिचा हात पानावरच थांबला. काकांची बाग दुष्काळात वाळली होती आणि दोन उन्हाळ्यांपूर्वी सरपणाला गेली होती. म्हणून तर काका आता इथं पेट्या उचलत.

तिनं त्यांना बोलावून सतरा नंबरची बाटली उघडून दिली. काकांनी घोट घेतला आणि डोळे मिटले.

"विहिरीजवळच्या झाडाची चव हाये, पोरी."

"काका, ते तं तुमी तोडलं ना?"

"हो. माह्याच हातानं."

बोलता बोलता शेडमध्ये संत्र्याच्या फुलांचा वास भरून आला. दोघं दाराशी गेली. तिथं संत्र्यांनी भरलेली पेटी ठेवलेली होती.

काकांनी एक फळ उचललं. देठ ओला होता.

"आत्ताच तोडलं हे कोनंतरी," ते हळूच म्हणाले आणि तापलेल्या, रिकाम्या रस्त्याकडं बघून हसले.