घुबड

"ताट जसंच्या तसं! खानावळ उघडलीय का मी इथे?" बंद दाराशी वाकून ताट उचलताना आई पुटपुटली.

बाबा बूट घालून तयार बसले होते. आज अकराचा पेपर. हा बुडला तर विद्यापीठातून मुलाचं नाव कमी होणार, हे कळवून झालं होतं.

"उठलाय का?"

"झोपलाय कुठे! पहाटेपर्यंत बोटं चालू होती."

दाराआड मुलगा, मोबाइल आणि घुबड. घुबड म्हणजे त्याचा नेटवरचा मित्र. मुलाचे वर्ग सुटले, दोस्त सुटले, जेवणाच्या वेळा सुटल्या. घुबड काही सुटेना.

"एकदा सापडू दे ते घुबड, पिसं काढतो त्याची," बाबा म्हणाले. "नाहीतर ही नेटची वायरच उपटतो आता."

"नको हो." आईचा आवाज एकदम खाली आला. "तेवढं एकच त्याच्याशी बोलतं. दहा मिनिटं थांबा. दूध तापत ठेवते, मग बघू."

ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने दाराआड मुलगा हसला. किती दिवसांनी! बाबा त्या हसण्याकडे कान लावून बसले, तोच करपल्याचा वास आला.

"अगं, दूध! लक्ष कुठे असतं तुझं हल्ली?"

"ताईला मेसेज करत होते."

तेवढ्यात कडी वाजली. मुलगा बाहेर आला. अंगात धुतलेला शर्ट, हातात पेन. बाबा उठून उभे राहिले. मुलगा स्वयंपाकघराच्या दारात थांबला. मघाचं हसू अजून ओठांवर होतं.

आई एका हाताने ओटा पुसत होती, दुसऱ्या हातात मोबाइल. ती वळली, त्याला पाहिलं आणि सुटलीच.

"उजाडलं का साहेबांचं? अवतार बघ! दाढी बघ! बापाचं रक्त आटवलंस. तोंड तरी धुतलंयस का?"

हसू मावळलं. त्याने पेन ओट्यावर ठेवलं, अगदी जपून, सांडलेल्या दुधापासून लांब. मग तो परत फिरला. कडी लागली.

"अरे, पेपर!" बाबा दारावर थापा मारू लागले.

आईचा अंगठा घाईघाईने मोबाइलवर फिरला. दाराआड टिंग वाजलं.

बाबांचा हात दारावरच थांबला.

आतून आवाज आला, शांत, जरा थकलेला. "मला पहिल्यापासून माहितीये, आई. घुबड असतेस तेव्हा किती छान बोलतेस गं तू."